दोनाचा घात

तळ्यात ती हिरवी वनस्पती कुठून आली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून घरातल्या प्रत्येकाला ते पक्कं ठाऊक होतं. सासूबाईंच्या मते ती बदकांच्या पायांना चिकटून आली. धाकट्या मेहुण्याच्या मते पलीकडच्या तळ्यावरून उसनं आणलेलं जाळं न धुता पाण्यात टाकलं, त्यातून आली. सासरे म्हणायचे, "कशी का आली असेना, बोलावली होती कुणी?" आणि असं म्हणताना ते हटकून माडीच्या खिडकीकडे बघायचे. माडीवर त्यांचा जावई राहत होता.

घरात तिला 'पाहुणी' असं नाव पडलं होतं. नखाएवढी, जोडीजोडीनं आलेली पानं, वर बारीक लव, खाली मिशांसारखी मुळं. तळहातावर घेतली तर जीव लावावा इतकी नाजूक. तळ्याच्या ज्या टोकाला पाटाचं पाणी आत यायचं तिथे तिनं पथारी टाकली, चार-पाच वर्षं कोपरा धरून पडून राहिली आणि यंदा हात-पाय पसरायला सुरुवात केली. ती आली त्याच साली घरात जावईही राहायला आले होते. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "दोघंही एकाच हंगामात आली बघ. दोघांनाही हलवता येत नाही. फरक एवढाच, की ती निदान वाढते तरी."

जावयाला गाव समजामास्तर म्हणायचं. मास्तरांचं प्रत्येक वाक्य 'समजा' या शब्दानं सुरू व्हायचं. समजा, एका टाकीला दोन नळ आहेत. समजा, अ हा ब पेक्षा दुप्पट वेगानं चालतो. समजा, तुम्हाला अक्कल आहे. शहरातल्या कॉलेजात त्यांनी काही वर्षं गणित शिकवलं. कॉलेजनं त्यांना कायम केलं नाही आणि त्यांनी कॉलेजला कायमची माफी दिली नाही. मग बायकोला घेऊन ते सासुरवाडीला आले, ते 'चार दिवस'. मास्तरांच्या गणितात चार ही संख्या बरीच लवचीक होती.

माडीच्या खाली जाळी ठेवायची खोली. त्या खोलीत, ओल्या सुताच्या वासात, मास्तर संध्याकाळी शिकवणी घ्यायचे. पोरं येत, दोरांच्या वेटोळ्यांवर बसत आणि नापास होत. मास्तरांना त्याचं दुःख नव्हतं. या लोकांकडून त्यांची अपेक्षाच नव्हती. खिडकीतून तळं दिसे, बांध दिसे, बांधाच्या कडेनं जाळं ताणायला रोवलेले बत्तीस खांब दिसत आणि गुडघाभर पाण्यात वाकलेली सासऱ्यांची पाठ दिसे. सकाळचा चहा घेत मास्तर ते दृश्य बघायचे, आणि वानरापासून माणूस झाला यावर त्यांचा विश्वास जरा डळमळायचा.

पण डोकं शाबूत असलेल्या माणसाला नुसतं बघवत नाही. त्यांनी खांब मोजले. पाहुणी एका खांबापर्यंत आली होती. दहा दिवसांनी दोन खांबांपर्यंत आली. मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला.

त्या दिवशी ते स्वतः खाली उतरले. ही घटना एवढी दुर्मीळ, की ओसरीवर जाळं शिवत बसलेल्या बायकोनं सुई थांबवली.

"काय झालं? पंखा बंद पडला?"

"मामा कुठायत?"

मामा, म्हणजे सासरे, पालथ्या पाटीवर बसून पाय धूत होते. पायाच्या बोटांमधली कातडी पाण्यानं कायमची पांढरी पडलेली, टाचांना भेगा, आणि पिंढरीवर पाहुणीची दोन पानं चिकटलेली. रोज सकाळी ते आणि धाकटा दंताळ्यानं पाहुणी ओढायचे, पाच पाट्या भरायचे, बांधावर ओतायचे आणि मग जेवायला बसायचे. पाच पाट्या हा त्यांचा नेम होता. कमी नाही, जास्त नाही.

"मामा, समजा," मास्तर म्हणाले, "एखादी वस्तू दर दहा दिवसांनी दुप्पट होते."

"कुठे मिळते?"

"मिळत नाही. समजा म्हणतोय. आज दोन खांब. दहा दिवसांनी चार. मग आठ. मग सोळा. सोळा म्हणजे निम्मं तळं. आणि त्यानंतर?"

"त्यानंतर बघू."

"त्यानंतर बघायला काही राहत नाही. निम्म्याचं पूर्ण व्हायला पुन्हा दहाच दिवस. चाळिसाव्या दिवशी तळं झाकलं. खाली हवा नाही, उजेड नाही. मासे मेले. सूत्र सोपं आहे. सुरुवातीला जेवढं आहे तेवढं, गुणिले दोनाचा घात..."

"कुणाचा?"

"दोनाचा घात."

सासऱ्यांनी पिंढरीवरची पानं नखानं काढली. "मास्तर, सकाळच्या पारी घात-बित बोलू नका. पाण्यावर पोट आहे आमचं."

"अहो, घात म्हणजे तो घात नव्हे. घात म्हणजे संख्येला त्याच संख्येनं पुन्हा पुन्हा गुणायचं."

"एकच गोष्ट झाली की."

धाकटा मेहुणा मागे पाट्या पालथ्या घालत होता. तो हसला नाही. त्यानं मान हलवली आणि बोटांवर काहीतरी करून पाहिलं. वयानं तिशीला आलेला, खांद्यानं बैल, दहावीच्या गणितात तीनदा गचकलेला. मास्तरांना तो घरातल्या फर्निचरात जमा होता. पण गंमत अशी, की या जगात समजामास्तरांना मनापासून मानणारा हा एकच माणूस होता. संध्याकाळी शिकवणीला तो सगळ्यात मागे, पोरांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा. फळ्यावरचं त्याला कळत नसे. देवळातलंही कळत नाही म्हणून कुणी जायचं थांबतं का, असा त्याचा हिशेब होता.

"आम्ही रोज पाच पाट्या काढतो," सासरे म्हणाले. "माझ्या बापानंही तळं राखलं. गवत आलं की काढलं. त्यात गुणायचं काय?"

"तुमच्या पाच पाट्या बेरजेत आहेत मामा. ती गुणाकारात आहे. बेरजेनं गुणाकाराला गाठता येत नाही. आज सगळे उतरलात, गडी लावले, तर दोन दिवसांत संपेल. महिन्याभरानं शंभर माणसं लावलीत तरी..."

"उतरता का तुम्ही?"

मास्तरांनी धोतराचा सोगा सावरला.

"सगळे उतरलात म्हणालात, म्हणून विचारलं. दंताळं आहे एक जादा."

"मी दिशा दाखवतोय."

"दिशा आम्हाला माहीत आहे. पाणी त्या बाजूला आहे." सासरे उठले. "आत सांगा, जेवायला वाढा म्हणावं. आणि मास्तर, उठलाच आहात तर त्या पाट्या तेवढ्या उन्हात ठेवा."

मास्तरांनी पाट्या उन्हात ठेवल्या. मागून बायको हसल्याचा आवाज आला. ती तोंडात दोरा धरून हसत होती, त्यामुळे आवाज नाकातून आला, आणि तो जास्त लागला.

माडीवर जाऊन त्यांनी एक निर्णय घेतला. शहाण्या माणसाचे निर्णय नेहमी दुसऱ्याच्या नुकसानीत जाऊन बसतात. मास्तरांनी ठरवलं, की आता बोलायचं नाही. चार खांबांना बोलायचं नाही, आठ खांबांना नाही. तळं बरोबर निम्मं झाकलं जाईल त्या दिवशी बोलायचं. निम्मं हिरवं, निम्मं मोकळं, मध्ये सरळ रेघ. सगळं घर म्हणेल, 'अजून निम्मं आहे की, घाई काय.' त्या क्षणी सगळ्यांना बांधावर उभं करायचं आणि सांगायचं. दहा दिवस हातात असतील, मासे वाचतील, आणि या घरात पुन्हा कुणी त्यांना पाट्या उन्हात ठेवायला सांगणार नाही. त्यांनी मनातल्या मनात भाषण बांधायला घेतलं. सुरुवात अर्थातच 'समजा'नं होती.

"तुम्हाला कळलंय ना काय होणारे," बायको रात्रीच्या जेवणाची ताटं उचलताना म्हणाली, "मग सांगा ना परत."

"एकदा सांगितलं."

"एकदा सांगून या घरात कुणाला काय कळतं? आईला मीठ संपलं हे मला तीनदा सांगावं लागतं. दहादा सांगा. भांडा. बाबांचा हात धरून न्या."

"सत्य हात धरत नसतं."

"हो. सत्याला आयतं ताट लागतं." तिनं ताट उचललं. त्यात मास्तरांचा शेवटचा घास राहिला होता, तोही गेला.

*

पाहुणी चौथ्या खांबाला टेकली त्या संध्याकाळी शिकवणीत तोच धडा आला. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं: एका भांड्यात काही जंतू आहेत, ते दर तासाला दुप्पट होतात, तर भांडं भरायला किती तास लागतील?

"हं. आधी काय शोधायचं?"

"झाकण," एक पोरगी म्हणाली. पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांना तिच्या आईवडिलांची कीव आली.

"आधी सुरुवातीची संख्या. मग वाढीचा दर. मग काळ. तीन गोष्टी. तीन बोटं आहेत ना प्रत्येकाला? दर एकदा काढला की झालं. पुढे फक्त घात करत जायचं. मेंढरालासुद्धा जमेल. तुम्हाला का जमत नाही हा वेगळ्या शास्त्राचा विषय आहे."

"दर बदलला तर?" तीच पोरगी.

"दर बदलत नाही. गणितात दिलेला दर म्हणजे दर. तुझ्या आजीचा मूड आहे का तो?"

शिकवणी सुटली. पोरं सांडल्यासारखी बाहेर पडली. धाकटा दारातच उभा होता, टोपी हातात चुरगळत.

"दाजी, एक विचारू?"

"विचार. आज दिवसच तसला आहे."

"ते तुम्ही बाबांना सांगितलं ना, की ती गुणाकारात आहे आणि आम्ही बेरजेत?"

"बेरजेत नव्हे, वजाबाकीत म्हण हवं तर. पुढे?"

"मग मी विचार केला." तो घामाघूम झाला होता. विचार हे त्याच्यासाठी अंगमेहनतीचं काम होतं. "गुणाकाराच्या उलटं काय? तर भागाकार. तुम्हीच शिकवलंत. मग पाहुणीचा भागाकार केला तर? म्हणजे एकीचे चार, चारांचे आठ असे तुकडेच करून टाकले तर? बारीक केलं की संपेल, हो ना? भागाकारानं संख्या लहान होते ना दाजी?"

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला आणि समोरच्या माणसाकडे पाहिलं. अशा डोक्याला उत्तर देणं हा उत्तराचा अपमान होता. टोमणा मारणं त्या मानानं स्वस्त पडत होतं.

"वा!" ते म्हणाले. "हे गणितज्ञांना सुचलं नाही बघ. काप. काप, काप. चांगला बारीक कर. एवढा भागाकार कर, की बाकी शून्य उरली पाहिजे."

"खरंच ना दाजी?"

"आता काय लिहून देऊ?"

धाकट्याचा चेहरा उजळला. पाच वर्षांत दाजींनी पहिल्यांदाच त्याला 'वा' म्हटलं होतं. टोमणा ही गोष्ट समोरच्याला कळली तरच टोमणा असते. नाहीतर तो सल्ला होतो.

*

दोन दिवस पडवीतून ठोकाठोकीचा आवाज येत राहिला. धाकट्यानं जुन्या पंपाचं इंजिन तराफ्यावर बसवलं. दांड्याला पत्र्याची सहा पाती लावली, कानशीनं घासून त्यांना धार काढली. बोट कापून घेतलं, चिंधी बांधली, परत घासत बसला. तिसऱ्या सकाळी तराफा पाण्यात उतरला, इंजिन खोकलं, धूर निघाला आणि पाती फिरायला लागली. पाहुणीच्या गादीत ती शिरली तशी हिरवी कारंजी उडाली. पानं, मुळं, चिखल सगळं धाकट्याच्या तोंडावर. तो ओला, हिरवा, दात दाखवत उभा. बांधावर गाव गोळा झालं.

"अरे, डोकं चालवलं पोरानं!" सासरे म्हणाले. त्यांनी मुलाचं असं कौतुक कधी केलं नव्हतं, त्यामुळे करताना त्यांना ठसका लागला. "तुकडे कुजतील, मासे खातील. आयतं खाद्य."

"कुणी सुचवलं रे?" गावातल्या कुणीतरी विचारलं.

धाकट्यानं माडीकडे पाहिलं. इंजिनाच्या आवाजात त्याचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही.

मास्तर खिडकीत उभे होते. धूर आणि गोंगाट पाहून त्यांनी नाक मुरडलं. त्यांच्याच शब्दावर तळ्यात इंजिन उतरलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. टोमणा मारल्यावर तो कुठे जाऊन पडला हे बघायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी फक्त खांब मोजले. हिरवी रेघ चारावरून तीनाच्या अलीकडे आली होती. म्हणजे सुरुवातीची संख्या थोडी कमी झाली. दर तोच. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब नवा केला. निम्मं तळं आता ठरलेल्या सोमवारी झाकलं जाणार नव्हतं, त्याच्या पुढच्या सोमवारी झाकलं जाणार होतं. मूर्खांना एका आठवड्याची सवलत मिळाली होती. घेऊ देत.

खाली, बांधावरून पाहिलं असतं तर वेगळं दिसलं असतं. रेघेच्या पुढे, मोकळ्या म्हणवणाऱ्या पाण्यावर, तीळ सांडल्यासारखे हिरवे ठिपके पसरले होते. वारा त्यांना ढकलत ढकलत शेवटच्या खांबापर्यंत नेत होता. प्रत्येक ठिपक्याला दोनतीन दिवसांत एक कोवळं पान फुटलं, मग दुसरं, मग खाली मिशा. कापल्यानं पाहुणी मरत नव्हती. तिला वाढण्यासाठी मात्र कापलेलं फार मानवत होतं. आणि धाकटा रोज सकाळी, जेवणाच्या आधी, तळ्यात जाऊन तिला मनापासून कापत होता. पाच पाट्यांचा नेमही सुटला. यंत्र आल्यावर पाट्या कोण उचलणार?

सासूबाईंनी एकदा कपडे धुताना पदराला चिकटलेले तुकडे पाहिले. "अगं, याला पान आलंय की," त्या मुलीला म्हणाल्या.

"धाकटा म्हणतो, कुजायच्या आधी असंच होतं."

"तुझ्या नवऱ्याला विचार की. दिवसभर खिडकीतच असतो."

तिनं विचारलं. मास्तर म्हणाले, "मी मोठं चित्र बघतोय." माडीवरून त्यांना ठिपके दिसत नव्हते. चष्म्याचा नंबर बदलून तीन वर्षं झाली होती. पण दिसले असते तरी ते सूत्रात कुठे बसवायचे हा प्रश्नच होता. सूत्रात एक रेघ होती, बत्तीस खांब होते आणि एक दर होता. दर काढून झाला होता.

शनिवारच्या शिकवणीत त्यांनी पोरांना सांगितलं, "परवा सोमवारी सकाळी सगळ्यांनी बांधावर यायचं. घातांकी वाढ म्हणजे काय ते मी प्रत्यक्ष दाखवणार आहे. निम्मं तळं. पुस्तकात मिळणार नाही असा धडा."

"वह्या आणायच्या?" पोरीनं विचारलं.

"डोकी आणा. उसनी मिळाली तर."

*

रविवारी पहाटे वारा पडला होता. तीन दिवसांपासून आभाळ झाकलेलं, पण पाऊस नाही. हवा ओल्या कापडासारखी तोंडावर बसलेली. मास्तर उठले ते वासानं. कुजका, गोडसर वास. त्यांनी सवयीनं खिडकी उघडली आणि खांब मोजायला सुरुवात केली.

खांब होते. पाणी नव्हतं.

एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत हिरवी, सपाट, लवदार चादर. कुठे रेघ नाही, कुठे निम्मं नाही. इतके दिवस वाऱ्यानं पलीकडच्या बांधाला रेटून धरलेले तुकडे, वारा पडताच पसरून अलीकडच्या गादीला येऊन मिळाले होते. जणू कुणी रात्रीतून तळं उचलून नेलं आणि त्या जागी कुरण ठेवलं. मास्तरांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. पुन्हा पुसला. मग चादरीला जागोजागी छिद्रं पडलेली दिसली, आणि प्रत्येक छिद्रात एक तोंड होतं. गोल, पांढरं, उघडं, मिटणारं, उघडणारं. हजारो तोंडं. मासे वर येऊन हवा पीत होते. त्या एवढ्या तोंडांचा मिळून एक बारीक पुचपुच आवाज होत होता, म्हातारं माणूस दात नसताना काही चघळतंय तसा.

"बाबा!" खालून धाकट्याची किंकाळी आली.

पुढचं सगळं हातांनी झालं, डोक्यानं नाही. सासरे अंगरखा न घालताच पाण्यात शिरले. धाकट्यानं वल्हं घेतलं, बायकोनं कपडे धुवायचं धोपटणं, सासूबाईंनी झाडू. छातीभर पाण्यात उभं राहून ते पाणी बडवत होते, खाली हवा जावी म्हणून. बडवलं की हातभर पाणी उघडं पडे, मासे तिथे धावत, एकमेकांच्या अंगावर चढत, आणि तोवर बाजूची पाहुणी सरकून पुन्हा जागा मिटवून टाके. सासरे दंताळ्यानं ओढत होते. गादी इतकी जड झाली होती, की दंताळं अडकून दांडा मोडला. मग हातांनी. हात सोलले. म्हाताऱ्याच्या छातीचा भाता घरघरत होता आणि तोंड उघडं पडलं होतं. भोवतीच्या माशांसारखंच.

मास्तर बांधावर उभे होते. धोतराचा सोगा एका हातात.

"काय बघताय?" बायको पाण्यातून ओरडली. तिच्या केसांत पाहुणी अडकली होती. "उतरा की!"

ते उतरले. पाच वर्षांत पहिल्यांदा. तळाचा चिखल बोटांमधून वर आला, थंड आणि लोण्यासारखा, एक चप्पल त्यानं गिळली. त्यांनी पाटी घेतली आणि पाणी मारायला लागले. कमरेला, मांड्यांना काहीतरी गुळगुळीत घासून जात होतं, एकदा, पुन्हा, अनेकदा. मग हळूहळू घासेनासं झालं. त्यावरून त्यांना कळलं.

ऊन वर आलं तेव्हा सगळे थांबले. थांबा असं कुणी म्हटलं नाही. मासे आडवे झाले होते, पांढरी पोटं वर करून, हिरव्या चादरीवर. पंधरा दिवसांनी व्यापारी जाळं टाकायला येणार होता. वर्षभर ज्यांना खायला घालून वाढवलं, त्यातला हातभर लांबीचा एक मासा सासऱ्यांनी उचलला, कल्ल्यात बोट घालून पाहिलं आणि परत ठेवला. फेकला नाही. ठेवला.

"घात झाला," ते म्हणाले.

मास्तर दचकले. पण म्हाताऱ्याचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं.

धाकटा रडत होता. एवढं मोठं शरीर रडताना बघणं वाईट. त्याच्या मुठीत पाहुणीचा एक तुकडा होता, पात्यानं सरळ कापलेला, आणि त्या कापल्या कडेतून तीन कोवळी पानं फुटलेली. तो तुकडा सगळ्यांना दाखवत होता.

"मी केलं बाबा. मीच वाढवली. मी कापली म्हणून... एकीच्या दहा केल्या."

"तुला कुणी सांगितलं होतं कापायला?" सासूबाई.

मास्तरांनी पाण्याकडे पाहिलं. आता येणार. आता सगळं घर त्यांच्यावर तुटून पडणार. का कोण जाणे, त्यांना ते हवंसं वाटलं. शिव्या तरी घालतील. शिव्या घालायला माणूस मोजावा लागतो.

"दाजींनी," धाकटा म्हणाला. "मी विचारलं होतं. ते म्हणाले, काप."

सासऱ्यांनी मान वळवली. जावयाकडे एकदा पाहिलं, डोक्यापासून चिखलातल्या कमरेपर्यंत, अगदी सावकाश. मग मुलाकडे पाहिलं. आणि त्या थकल्या, सोललेल्या हातानं फाडकन त्याच्या थोबाडीत मारली.

"त्यांचं ऐकलंस?" म्हातारा ओरडला. "अरे, या घरात त्यांचं आजवर कुणी ऐकलंय का? तुझ्या आईनं ऐकलं? बहिणीनं ऐकलं? कोंबड्या ऐकत नाहीत त्यांचं! आणि तू जाऊन ऐकलंस?"

मास्तर तिथेच उभे राहिले. त्यांना कुणी काहीच म्हणालं नाही.

*

सोमवारी सकाळी घरातले सगळे पुन्हा पाण्यात होते. मेलेले मासे काढायचे होते, आणि ते काढायला आधी पाहुणी काढायला हवी होती. गावानं येऊन वास घेतला, हळहळ केली आणि रुमाल नाकाला लावून गाव परत गेलं. म्हाताऱ्यानं प्रत्येकाला एकेक काम लावून दिलं होतं. मास्तरांच्या वाट्याला बांधाजवळचा कोपरा आला होता, जिथे पाणी कमरेच्या वर जात नाही. तिथे सहसा सासूबाई कपडे धुतात.

हातांना फोड आले होते. पाहुणी उपसायची, पाटी भरायची, बांधावर ओतायची. परत वाकायचं. पाठीत एक कळ येत होती, ती दुपटी-दुपटीनं वाढत होती की बेरजेनं, याचा त्यांनी विचार केला नाही.

तेवढ्यात बांधावर पावलं वाजली. पोरं. शिकवणीची सगळी पोरं, रांगेनं, अंघोळी करून, केस चापून बसवलेली. वह्या बगलेत. घरच्यांनी आजच्या सकाळी जाऊ नका म्हणून सांगितलं असणार, पण पोरांना मास्तरांनी या म्हटलं होतं. या घराबाहेर का होईना, कुणीतरी त्यांचं ऐकत होतं, आणि तेही आजच.

पोरांनी तळं पाहिलं. नाकं मुठीत धरली. मग ती पोरगी पुढे झाली.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही आज निम्मं दाखवणार होतात."

कुणी हसलं नाही. धाकट्याचं दंताळं थांबलं. त्याच्या गालावर बोटं उमटलेली होती आणि तरीही तो दाजींकडे तशाच, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिल्यासारख्या नजरेनं बघत होता. सासूबाईंनी झाडू खाली केला. बायकोनं कपाळावरचे ओले केस मनगटानं मागे सारले. म्हातारा, छातीभर पाण्यात, हळूच वळला.

"दाखवा की मास्तर," तो म्हणाला. "पोरं आलीत."

मास्तर ताठ झाले. पाठीतली कळ जरा मागे सरकली. त्यांनी बांधाकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग एकेका तोंडाकडे. सगळं घर हात थांबवून, कान देऊन उभं होतं. पाच वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ज्या क्षणासाठी त्यांनी दिवस मोजले होते, भाषण घोकलं होतं, तळं निम्मं भरायची वाट पाहिली होती, तो हाच होता.

"समजा," ते म्हणाले.

आणि पुढचं काही येईना. कमरेला एक मेलेला मासा येऊन हलकेच टेकला, वाऱ्यानं दूर गेला, पुन्हा टेकला.



"पाटी द्या," मास्तर म्हणाले. "ही भरली."